दासोहातली परीक्षा

मोठे अप्पा लिंगैक्य होऊन सव्वीस वर्षं झाली, तरी माणूस पारखायची त्यांची तऱ्हा हलकुड्यांच्या घरात चालूच होती. तिच्यात आता काही दम राहिलेला नाही हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं. फक्त त्यांच्या थोरल्या मुलाला, राजशेखरला सोडून.

तऱ्हा साधी होती. घराण्याच्या विश्वस्त मंडळाची शिष्यवृत्ती द्यायची ती शिकण्यात पुढं असलेल्या आणि लोकांसाठी राबणाऱ्या पोराला नाहीतर पोरीला. अर्ज चाळून शेवटी दोघं उरले की अप्पा त्यांना मुलाखतीला म्हणून बोलवायचे, तेही नेमकं दासोहाच्या दिवशी. भांड्यांच्या दुकानामागचं गोदाम रिकामं करून पंगती मांडलेल्या असायच्या. आल्या-गेल्याला जेवण. आलेल्या पोराला कुणी बस म्हणायचं नाही, वाढ म्हणायचं नाही. अप्पा जिन्यावर बसून नुसते बघायचे. बादली आपणहून कोण उचलतं, शेवटच्या ओळीपर्यंत कोण पोचतं, दात नसलेल्या म्हाताऱ्याला भाकरी कुस्करून कोण देतं. मुलाखत संपली, असं संध्याकाळी सांगायचे, आणि पोरं चक्रावून जायची.

पहिली काही वर्षं हे गुपित राहिलं. पण लातूरच ते. परीक्षेत काय येणार याचा अंदाज बांधण्यावर इथल्या गल्ल्याच्या गल्ल्या जगतात. गेल्या साली औशाच्या एका बापानं सरळ फोन करून विचारलं होतं, "ताई, शेवटची ओळ म्हंजे दाराकडची धरायची का नळाकडची?"

"नळाकडची," उमादेवीनं सांगून टाकलं होतं. भांडायचं त्राण नव्हतं म्हणून.

उमादेवी म्हणजे घरातली धाकटी सून, वय एकोणसाठ. आलेले अर्ज लावणं, दाखले पडताळणं, गावोगाव फोन करून 'ही पोरगी खरंच शिकवती का हो?' असं विचारणं, हे काम नवरा हयात असल्यापासून तिच्याकडं होतं. नऊ वर्षांमागं विरूपाक्ष गेला आणि विश्वस्त मंडळातली त्याची खुर्चीही तिच्याकडं आली. म्हणजे काम होतं तेवढंच राहिलं, फक्त सही वाढली. दासोहाचा स्वयंपाक तर तिचाच. पहाटे चारपासून ती उभी होती. गुणाबाई आणि तिच्या दोन सुना भाकऱ्या थापत होत्या, आणि उमादेवी हुग्गीच्या पातेल्यात गूळ विरघळला का नाही ते बघत होती. गहू शिजायला वेळ घेतो, गूळ घाईनं टाकला की दगड होतो. इतक्या वर्षांत तिला याहून मोठं असं काही शिकायला मिळालं नव्हतं, असं तिला त्या सकाळी वाटलं.

यंदा एक्केचाळीस अर्जांतून दोघी उरल्या होत्या. उदगीरची शिवानी आणि किनवटकडची महानंदा आत्राम. दोघींच्या बारावीच्या टक्क्यांत फार अंतर नव्हतं. दोघींनाही डॉक्टर व्हायचं होतं. ज्या पोरीला मिळेल तिचं वसतिगृह, मेस आणि पुस्तकं शेवटच्या वर्षापर्यंत हलकुड्यांकडं.

यात अडचण एवढीच होती की शिवानीची थोरली बहीण मंजुश्री उमादेवीच्या घरी सून म्हणून यायची होती.

निदान तसं ठरत आलं होतं. उमादेवीचा महांतेश चौतीस वर्षांचा झाला होता. दिसायला बरा, निर्व्यसनी, दुकान चालतं. पण 'दुकान' हा शब्द ऐकला की मुलीचा बाप चहा गार व्हायच्या आत उठायचा. पुण्यात फ्लॅट आहे का, पॅकेज किती, एवढंच विचारायचे. तीन वर्षांत एकवीस ठिकाणी त्याचा बायोडाटा फिरला. पहिल्या दहा नकारांना महांतेश चिडला, पुढच्या पाचांना हसला, आणि नंतर त्यानं विचारायचंच सोडलं. मंजुश्री उदगीरलाच शाळेत शिकवायची. तिनं त्याला एकच प्रश्न केला होता, "रविवारी दुकान बंद ठेवता का?" तो म्हणाला, "आतापर्यंत ठेवत नव्हतो." ती हसली होती. येत्या गुरुवारी उदगीरची माणसं तारीख धरायला यायची होती.

आणि राजशेखरनं, उमादेवीच्या थोरल्या दिरानं, कुणाला न विचारता उदगीरकरांना शब्द दिला होता: "धाकटीचा अर्ज टाका. पोरगी आमचीच समजा."

हे त्यानं उमादेवीला आठ दिवसांनी सांगितलं. तेही जेवताना, पाणी मागावं तसं.

*

शिवानी अकराला आली. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, केस वर आवळलेले. कुणाला नमस्कार-चमत्कार करायच्या आधी तिनं वरणाची बादली उचलली आणि सरळ नळाकडच्या ओळीपासून वाढायला घेतलं. जिन्यावर, अप्पांच्या जागी बसलेल्या राजशेखरची मान समाधानानं हलली.

पोरगी वाईट नव्हती, हे उमादेवीला मान्य करावं लागलं. वाईट असती तर सोपं गेलं असतं. दुसऱ्या पंगतीला ती भाकऱ्या न्यायला आत आली तेव्हा कपाळावरचा घाम खांद्याला पुसत म्हणाली, "काकू, खरं सांगू? आत्यानं पढवून पाठवलंय मला. शेवटच्या रांगेपासून सुरू कर म्हणली."

"मग केलंस की."

"हां, पण आता खरंच पाय दुखायलेत. किती वर्षं करायलाव तुम्ही हे?"

उमादेवीनं टोपलीत भाकऱ्या मोजून घातल्या. पण मनात नोंद झाली. घरात येऊन तिला हे विचारणारी ही पहिलीच. माणसांची अशी मोजदाद ठेवायची उमादेवीला खोड होती. कोण दही मागताना नाव घेतं आणि कोण नुसतं 'ओ' म्हणतं, कोण उष्टं ताट स्वतः उचलतं, कोण कधी आजारपण विचारायला आलं. तिचा विसरभोळेपणा घरात प्रसिद्ध होता, पण या बाबतीत ती काही विसरत नसे.

महानंदा आली तेव्हा पाऊण वाजत आला होता. दुसरी पंगत उठून तिसरी बसत होती, आणि शिवानी तिकडं पाणी वाढत होती. दारात एक उंच, काटकुळी पोरगी उभी राहिली. खांद्याला सॅक, पायात धुळीनं रंग गेलेल्या चपला. ती उभी नव्हती, दाराच्या भिंतीला टेकली होती. डोळे अर्धे मिटलेले.

"नांदेडहून आलीस का गं?"

"हाव. लोह्याला गाडी बंद पडली काकू. दुसरी यायला लई वेळ लागला."

"रात्री झोपलीस का?"

"नांदेडच्या दवाखान्यातच होते. आमच्याकडल्या एका बाईला रक्त पाहिजे होतं. तिला मराठी येत न्हाई, म्हणून थांबून राहिले."

तिचा गुडघा थरथरत होता. उमादेवीला त्या क्षणी दासोह आठवला नाही, अप्पा आठवले नाहीत, उदगीर आठवलं नाही. समोर पडायला आलेलं लेकरू दिसलं. तिनं हाताला धरून तिला दाराजवळच्या पाटावर बसवलं, पत्रावळ मांडली आणि म्हणाली, "बस आधी. जेव."

महानंदा बसली आणि जेवली. भूक लागलेलं माणूस जेवतं तशी, मान खाली घालून. हुग्गी दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा उमादेवीनंच वाढली.

तिचं लक्ष जिन्याकडं गेलं तेव्हा राजशेखर चष्मा नाकावर सरकवून त्या पाटाकडंच बघत होता. आणि मग तिच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो ते. इतक्या वर्षांत परीक्षेला आलेल्या पोराला या घरात कुणी 'बस' म्हटलं नव्हतं.

मोठी जाऊ शिवम्मा, राजशेखरची बायको, स्वयंपाकाच्या बाजूला येऊन तिच्या कानाशी लागली. "ती आल्या आल्या बसली की गं जेवाया."

"अक्का, मीच बसवलं."

शिवम्मानं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग उमादेवीकडं. या जावा-जावांचं पस्तीस वर्षांत पटलं असेल ते चार-दोन वेळाच, तेही दोघींच्या सासूविरुद्ध. पण शिवम्माचा आवाज आज मऊ होता.

"तू बसवताना कुणी बघितलं?"

"न्हाई वाटतं."

"मग गप ऱ्हा. देवानंच केलं समज. आपण काय मुद्दाम केलं का? उमे, तुझं पोरगं चौतीस वर्षांचं झालंय. पोरी पिकत न्हाईत झाडाला."

"त्या पोरीचं काय मग?"

"तिच्यासाठी दुसरे असतील की कुणी. तुझ्यासाठी कोण हाय?" असं म्हणून शिवम्मानं भाकऱ्यांची टोपली उचलली. टोपली उचलायला शिवम्मा फार दिवसांनी वाकली होती. उमादेवीनं तेही टिपलं.

*

दुकानावरच्या खोलीत तिघं बसले. राजशेखर, उमादेवी, आणि तिसरे अनंतराव सर. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, अप्पांचे जुने स्नेही, बाहेरचा माणूस असावा म्हणून मंडळात घेतलेले. सज्जन माणूस. निर्णयाची वेळ आली की त्यांना खोकला यायचा.

"विचारायचं काय ऱ्हायलंच न्हाई," राजशेखर म्हणाला. "उदगीरची पोरगी तीन पंगती उभी हाय. किनवटची आल्या आल्या पाटावर. तीनदा हुग्गी मागितली. मी मोजली."

"दोनदा," उमादेवी म्हणाली. "तिसऱ्यांदा तिनं मागितली नव्हती."

"दोनदा तर दोनदा. अप्पा असते तर?"

"राजशेखरजी, दवाखान्यातल्या परिचारिकेचं पत्र मी वाचलंय," अनंतराव हळूच म्हणाले. "मुलगी दोन वर्षं दर शनिवारी-रविवारी तिथं असते. जंगलातल्या गावांतून आलेल्या रुग्णांना केसपेपर काढून देणं, गोंडीतून समजावून सांगणं..."

"सुरुवातीला आईसाठी गेली होती ती. आई वार्डात होती म्हणून हीबी तिथं. त्याला सेवा म्हणायची?"

"आई चाळीस दिवसांनी घरी गेली, भाऊजी. ती अजून जाते."

राजशेखरनं तिच्याकडं पाहिलं. हा पाहण्याचा प्रकार उमादेवीला ओळखीचा होता. त्यात राग नव्हता, गुरुवारची आठवण करून देणं होतं.

"बरं, तिलाच विचारू," अनंतराव म्हणाले आणि खोकले.

महानंदा वर आली. तोंड धुतलेलं होतं, पण डोळ्यांतली झोप गेली नव्हती. तिला खुर्ची दिली तर ती टोकावर बसली.

"बाळ, खाली इतकी माणसं जेवत होती," सर म्हणाले, "तुला असं नाही वाटलं का, की आपण चार जणांना वाढावं?"

"वाटलं की. जेवल्यावर वाढणार होते. तर खाली एक ताई म्हणाल्या, वर बोलावलंय."

"पण आधी जेवायला बसलीस. कुणी बस म्हणालं होतं का?"

खोलीत पंखा फिरत होता. उमादेवीच्या हातातला पेन तिथंच थांबला. तिला वाटलं, आता पोरगी मान वळवील, बोट करील, आणि मग जे व्हायचं ते आपोआप होईल, आपल्याला बोलावं लागणार नाही. तिला कबूल करायला लाज वाटली, पण तिला तसंच व्हायला हवं होतं.

महानंदानं मान वळवली नाही. "न्हाई सर. मीच बसले."

"जा बाळ," सर म्हणाले.

ती गेल्यावर राजशेखरनं कागद पुढं ओढला. निकालपत्र आधीच टाइप करून आणलेलं होतं, नावाची जागा तेवढी रिकामी. उदगीरकरांना शब्द दिल्यावर ती जागा रिकामी ठेवण्यात राजशेखरला काय न्याय वाटला असेल, देव जाणे. पण तो तसा माणूस होता. शब्द आधी, न्याय मागून, पण दोन्ही लागायचे.

त्यानं पेन उचलला. जिन्यावरून महांतेशचा आवाज येत होता, संध्याकाळच्या कार्यक्रमाला हॉलमधल्या खुर्च्या किती कमी पडतील ते कुणाला तरी सांगत होता. गुरुवारसाठी त्यानं नवा शर्ट शिवायला टाकलाय हे त्यानं आईला सांगितलं नव्हतं, शिंप्यानं सांगितलं होतं.

"भाऊजी, थांबा," उमादेवी म्हणाली. "मी बसवली तिला."

"काय?"

"दारात टेकून उभी होती. गुडघा थरथरत होता. पडंल असं वाटलं. मी हाताला धरलं, पाटावर बसवलं, जेव म्हणलं. परीक्षा मी बिघडवली."

राजशेखरनं पेन खाली ठेवला. मग म्हणाला, "महांतेशच्या आई."

पोरगं झाल्यापासून तो तिला याच नावानं हाक मारत आला होता. नाव घ्यायची पद्धत नव्हती. पण आज ती हाक नव्हती.

"समजतंय मला," उमादेवी म्हणाली.

"समजत असंल तर बसा गप. पोरगी स्वतः म्हणली ना, मीच बसले म्हणून?"

"म्हणली. का म्हणली कुणास ठाऊक. पण मी इथं हाय ना, मला म्हायती हाय."

"बरं. मग परीक्षाच रद्द समजा. यंदा कुणालाच न्हाई. फुडल्या साली बघू."

"पुढल्या साली ती कुठं असंल भाऊजी? वसतिगृहाचं झालं न्हाई तर अडमिशन घेणारच न्हाई ती. किनवटला परत जाईल. शिवानीचं तसं न्हाई. तिला मिळालं काय, न्हाई काय, ती डॉक्टर होणारच हाय. ह्यात तिची काही चूक न्हाई."

आत्यानं पढवून पाठवल्याची गोष्ट तिच्या जिभेवर होती. ती सांगितली असती तर काम सोपं झालं असतं. पण पोरीनं विश्वासानं सांगितलेलं होतं ते. उमादेवीनं ते तिथंच ठेवलं.

अनंतरावांना खोकला आला. तो संपला, पाणी पिऊन झालं, आणि आश्चर्य म्हणजे ते बोलले. "पंगतीतली परीक्षा बाद झाली असेल तर उरतात ते कागद." त्यांनी फाईलमधून एक पान काढलं. सही-शिक्क्याचं नव्हतं. वहीचं आडवं पान, त्यावर एकाखाली एक अंगठे. शेजारी बॉलपेननं गावाची नावं, आणि कशासाठी मदत झाली ते दोन शब्दांत. एक्सरे. रक्त. बाळंतपण. मेलेल्याचा दाखला.

"एकोणसाठ अंगठे आहेत," सर म्हणाले. "मी शाळेत असताना मुलांना सेवेचे पुष्कळ दाखले दिले, राजशेखरजी. निम्मे न बघता दिले. असला दाखला मला कुणी आणून दिला नाही."

"ह्यातल्या चौघांना मी फोन लावला होता," उमादेवी म्हणाली. "एक म्हातारा म्हणला, पोरगी चांगली हाय, पण तंबाखूवरनं लई बोलती."

राजशेखर हसला नाही, पण मिशी हलली. मग ती पुन्हा सरळ झाली. सरांनी नाव लिहून सही केली. उमादेवीनं केली. आपली सही तिला नेहमीपेक्षा वाकडी वाटली.

कागद राजशेखरपुढं राहिला. दोघांच्या सह्या पुरे होत्या, त्याची गरज नव्हती. त्यानं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि सही ठोकली.

"दोन-एक असा निकाल हलकुड्यांच्या घरातनं भाईर जात न्हाई," तो म्हणाला. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना त्याचं वय एकदम दिसलं. "पण उदगीरला फोन तुम्ही लावायचा. माइकवरनं त्यांना कळायला नको. शब्द मी दिला व्हता, पण मोडलाय तुम्ही."

"लावते."

"मी जिन्यावर बसतो तेव्हा लोकं हसत्यात माझ्यावर, मला दिसत न्हाई का?" तो दाराशी जाऊन म्हणाला. "सगळी पोरं नळाकडनंच सुरू करत्यात. दहा वर्षं झाली. मी आपलं बसतो."

उमादेवीनं फाईल मिटली. इतकी वर्षं तिनं त्याच्या खात्यात एक भोळेपणा लिहून ठेवला होता. तो आता खोडावा लागणार होता.

*

उदगीरला शिवानीच्या आईनं फोन पहिल्या घंटेला उचलला. उमादेवीनं आढेवेढे न घेता सांगितलं. किनवटच्या मुलीला देतोय, तुमच्या शिवानीनं मनापासून काम केलं, तिचंही नाव कार्यक्रमात घेणार आहोत.

"अहो, त्यात काय एवढं ताई!" पलीकडचा आवाज गोड होता. "पोरींचं चालतंच. एकीला मिळणार, एकीला न्हाई. भावोजींनी एवढं सांगितलं व्हतं म्हणून आम्ही आपलं..."

"हां. त्यांचं काही चुकलं न्हाई. माझ्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं?" आवाज तसाच गोड. "असू द्या, असू द्या. आणि हे बघा ताई, येत्या गुरुवारी आमच्याकडं जरा पाव्हणे यायलेत. तेव्हा आमचं येणं जमत न्हाई."

"मग त्याच्या पुढच्या?"

"दिवाळीनंतर बघू की. काय घाई हाय?"

सोयरिकीतलं 'दिवाळीनंतर' म्हणजे काय ते उमादेवीला कुणी शिकवायची गरज नव्हती. एकवीसांपैकी सात जणांनी तेच म्हटलं होतं. आता तर आषाढ नुकताच लागत होता.

फोन ठेवून ती खाली उतरली तर महानंदा गोदामात उष्ट्या पत्रावळ्या गोळा करत होती. कुणी सांगितलं नव्हतं. निकालही तिला कळला नव्हता. शेजारी शिवानी, हातात खराटा घेऊन, तिच्याशी काहीतरी बोलत होती आणि दोघी हसत होत्या.

उमादेवीनं महानंदाला बाजूला घेतलं. "वर खोटं का बोललीस गं? मी बसवलं होतं ना तुला?"

महानंदानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू एवढं साधं हिला कळत कसं नाही. "दवाखान्यात काकू, वेळ संपल्यावर एखादी सिस्टर आपल्याला आत सोडते. मग वरचे विचारतात, कुणी सोडलं? तिचं नाव सांगायचं नसतं. सांगितलं की दुसऱ्या खेपेला ती सोडत न्हाई. अन् मागून येणाऱ्यांचंबी बंद होते."

"पण इथं तुझंच नुकसान झालं असतं."

"हाव," ती म्हणाली. "पण सवय पडून गेली."

*

पाचला कार्यक्रम झाला. नेहमीसारखा लांबला. पाहुण्यांचे सत्कार, मग पाहुण्यांनी केलेले यजमानांचे सत्कार, मग ज्यांचा राहून गेला ते रुसू नयेत म्हणून त्यांचे. राजशेखर माइकवर उभा राहिला आणि महानंदा आत्राम हे नाव त्यानं असं घेतलं, जसं काही सकाळपासून तेच त्याच्या मनात होतं. अंगठ्यांच्या पानाबद्दल तो बोलला. एकोणसाठही म्हणाला, चुकला नाही. त्यानं शिवानीलाही वर बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. या माणसाचा राग करता येत नाही, ही उमादेवीची जुनी तक्रार होती.

महानंदाच्या खांद्यावर शाल ठेवली तेव्हा ती दोनदा घसरली. बोल म्हटल्यावर ती म्हणाली, "मी चांगली शिकीन. शनिवारी-रविवारी दवाखान्यात जाणं जमलं तर जाईन, न्हाई जमलं तर दुसऱ्या कुणाला तरी सांगून जाईन. हुग्गी लई चांगली होती." लोक हसले. टाळ्या वाजल्या. सगळ्यात मागं, भिंतीला टेकून, महांतेश टाळ्या वाजवत होता.

माणसं पांगल्यावर तो आईकडं आला. हातात खुर्च्यांची चवड होती, ती त्यानं खाली ठेवली नाही.

"अव्वा, उदगीरचं कुणी आलं न्हाई कार्यक्रमाला. शिवानीबी भाषण संपल्या संपल्या गेली."

"हां."

"गुरुवारचं?"

"दिवाळीनंतर म्हणल्या."

महांतेशनं खुर्च्या भिंतीला लावल्या. एकावर एक नीट बसवल्या, कडा जुळवल्या. दुकानात परातींची चवड लावतो तशा.

"काकांनी सांगितलं मला," तो म्हणाला. "वर काय झालं ते."

"मला वाटलं, तू चिडशील."

"चिडलो न्हाई." त्यानं वरची खुर्ची पुन्हा सरळ केली. "ती पोरगी दारात टेकली होती ते मीबी बघितलं होतं. मी खुर्ची आणायला गेलो, येईपर्यंत तू बसवलं होतंस. मला विचारलं असतंस तर मी हेच कर म्हणलो असतो."

"मग?"

"विचारायचं तर होतं, अव्वा. काकांनी शब्द दिला तो मला न विचारता. तू मोडला तोबी मला न विचारता. लग्न माझं होतं."

तिनं तोंड उघडलं. वेळ नव्हता, असं म्हणायचं होतं. निकाल लागत होता, पेन भाऊजींच्या हातात होता. पण जिन्याखालीच तर होता तो, दहा पायऱ्यांवर. एक हाक पुरली असती.

"राहिलं ते," ती म्हणाली.

"हां." तो हसल्यासारखा झाला. "तिची शेवटची गाडी सव्वासातला हाय. स्टँडवर सोडून येतो. गाडीत झोपली तर नांदेडच्या फुडं जाईल, कंडक्टरला सांगून येतो."

तो गेला. त्याची मोटरसायकल सुरू झाली, मागं बसलेल्या पोरीनं शाल सॅकमध्ये कोंबली, आणि दोघं वळणावर दिसेनासे झाले. उमादेवी रिकाम्या हॉलच्या मधोमध एका खुर्चीवर बसली. मंजुश्रीचा नंबर आपल्या फोनमध्ये आहे, आणि महांतेशच्या फोनमध्येही असेल, एवढंच तिच्या मनात आलं. त्यानं तो लावायचा का नाही, हे मात्र आता तिनं ठरवायचं नव्हतं.

गोदामातून शिवम्माची हाक आली, "उमेऽऽ, पातेली घासायला बाया थांबल्यात, सांग की कुठली कुठं ठेवायची!"

उमादेवीनं ऐकलं. ती उठली नाही.